१२३४५६५४३२१ : एका संख्येच्या आत काय काय असतं

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे: ‘सातवीतल्या एका मुलाने फळ्यावर १२३४५६५४३२१ ही संख्या लिहिली आणि विचारलं, ही मूळ संख्या आहे का? नसेल तर हिला कशाकशाने भाग जातो? मोबाइलवर वर्गमूळ काढलं तर ११११११ आलं, म्हणजे पूर्ण वर्ग आहे एवढं कळलं. पण फळ्यावर, मुलांच्या देखत हे कसं पटवायचं? आणि एवढ्या मोठ्या संख्येबद्दल आणखी काय सांगता येतं?’

बाई, बेळगावात मराठी माध्यमाच्या मुलांना मी चौतीस वर्षं गणित शिकवलं. दर दोन-तीन वर्षांनी एखादं पोर ही संख्या घेऊन यायचंच. त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. त्याने नुसता एक सुंदर आकडा लिहिलेला नाही. त्याने ज्या संख्येला हात घातलाय तिची गोष्ट आपल्याच राज्यात, कर्नाटकात, साडेअकराशे वर्षांपूर्वी सुरू होते. तिथवर येतोच, पण आधी फळ्यावरचं काम.

पहिल्यांदा संख्या वाचून घ्या. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले की १२,३४,५६,५४,३२१. म्हणजे बारा अब्ज, चौतीस कोटी, छप्पन्न लाख, चोपन्न हजार, तीनशे एकवीस. आपल्या भागात इथेच मुलं अडखळतात, आणि त्याला कारण आहे. कन्नडात छप्पन्नला ऐवत्तारु म्हणतात, चोपन्नला ऐवत्तनाल्कु: आधी पन्नास, मग सहा किंवा चार. मराठीत एकक आधी आणि दशक मागून. गल्लीत कन्नड आणि वर्गात मराठी ऐकणारं पोर चोपन्न ऐकून ४५ लिहितं. त्यात त्याची चूक नाही, त्याच्या कानात दोन क्रम नांदतात. या संख्येत तशी एक जरी अदलाबदल झाली तर सगळी घडी मोडते. म्हणून एकदा अब्ज-कोटीत वाचा आणि मग एकेक अंक सुटा वाचा: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. चढ आणि उतार मुलांच्या कानाला लगेच कळतो.

आता मूळ आहे का? सरळ भागत सुटायचं तर वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे १,११,१११ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. तेवढ्या टप्प्यात दहा हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत. वर्गाला त्या वाटेने नेऊ नका. मोठ्या संख्येपुढे पहिलं काम भागायचं नसतं, तिची घडण बघायचं असतं. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे, म्हणून पुढचं सगळं त्याच नजरेने वाचा.

उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: १२, ३४५, ६५४, ३२१. आता उजवीकडून सुरू करून एक गट मिळवा, पुढचा वजा करा. ३२१ वजा ६५४, अधिक ३४५, वजा १२. उत्तर शून्य. शून्य आलं म्हणजे संख्येला १००१ ने निःशेष भाग जातो, कारण १००० हे १००१ पेक्षा एकानेच कमी आहे आणि म्हणून प्रत्येक गटामागे चिन्ह उलटतं. १००१ म्हणजे ७ × ११ × १३. एका ओळीच्या वजाबाकीत तीन मूळ अवयव हाती लागले. ७ ची वेगळी कसोटी मुलांना कधी लक्षात राहत नाही, ही मात्र राहते.

आता तेच गट नुसते मिळवा. १२ + ३४५ + ६५४ + ३२१ = १३३२. पुन्हा गट पाडून मिळवा: १ + ३३२ = ३३३. ही कसोटी ९९९ ची, आणि ९९९ = २७ × ३७. ३३३ ला ३७ ने भाग जातो, ९ ने जातो, पण २७ ने जात नाही. म्हणून आपल्या अकरा अंकी संख्येला ३७ ने भाग जातो, आणि ३ हा अवयव तिच्यात बरोबर दोनदा आहे, तिसऱ्यांदा नाही. मुलांकडून हे दोन्ही करून घ्या. कॅल्क्युलेटर लागत नाही, आणि अकरा अंकी संख्येचं कोडं तीन अंकी बेरजेवर येऊन सुटतं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पुढे १००१ ने खरोखर भागा. १,२३,३३,३२१ येतात. गट पाडा: ३२१ वजा ३३३ अधिक १२, पुन्हा शून्य. पुन्हा १००१ ने भागा: १२३२१. आणि १२३२१ हा १११ चा वर्ग असल्याचं तुमच्या वर्गातलं कुणी तरी ओरडून सांगेलच. १११ म्हणजे ३ × ३७. झालं. पूर्ण अवयव असे:

१२३४५६५४३२१ = ३² × ७² × ११² × १३² × ३७²

प्रत्येक घातांक सम आहे, म्हणून संख्या पूर्ण वर्ग आहे. मोबाइलने सांगितलेलं आता फळ्यावर सिद्ध झालं. वर्गमूळ ३ × ७ × ११ × १३ × ३७ = ११११११.

पण मुलाचा खरा प्रश्न वेगळा असणार: असा चढ-उतार आलाच कुठून? त्यासाठी ११११११ × ११११११ हा गुणाकार उभा मांडायला लावा. सहा ओळी येतील, प्रत्येक ओळीत तेच सहा एक, फक्त प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. तुमच्या खानापुरात छपरावर कौलं चढवतात ना, एक ओळ दुसरीवर थोडी सरकवून, तशी. उजव्या टोकाच्या स्तंभात एकच ओळ येते, पुढच्यात दोन, मग तीन, असं करत मधल्या स्तंभात सहाही ओळी एकावर एक, आणि मग पुन्हा एकेक ओळ सुटत जाते. १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १ ही प्रत्येक स्तंभातल्या एकांची मोजणी आहे. कुठल्याच स्तंभाची बेरीज ९ च्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही, आणि मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते. हातचा नसल्यामुळे अंकांची बेरीजही ६ × ६ = ३६ येते.

नऊ एकांपर्यंत हे चालतं. दहा एकांचा वर्ग केला की मधल्या स्तंभात दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असं येतं. चढ आणि उतार आहे, पण चढताना आठ नाहीसा झाला आणि मध्ये दोन शून्यं शिरली. हे मुलांना मुद्दाम करायला लावा. जुळणी कुठे तुटते हे कळल्याशिवाय ती का जुळते हे पक्कं होत नाही.

आता इतिहास. इ. स. ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. महावीराचार्यांनी संस्कृतात ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात स्थानांची नावं एकापासून महाक्षोभापर्यंत चोवीस आहेत. आपल्या संख्येला त्यातली अकराच पुरतात. गुणाकाराला ते प्रत्युत्पन्न म्हणतात, आणि त्या प्रकरणात त्यांनी उत्तर गळ्यातल्या हारासारखं येईल अशी उदाहरणं घातली आहेत. १३९ × १०९ = १५१५१. १५२२०७ × ७३ = ११११११११. १४२८५७१४३ × ७ = १००००००००१. दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा हार.

त्यातलंच एक उदाहरण: २,७९,९४,६८१ × ४४१ = १२,३४,५६,५४,३२१.

या गुणाकाराकडे नीट बघा, बाई. २७९९४६८१ या आकड्यात हाराचा मागमूसही नाही. ४४१ मध्ये तर नाहीच. पण आपण काढलेले अवयव जवळ ठेवा: ४४१ म्हणजे ३² × ७², आणि २७९९४६८१ म्हणजे ११² × १३² × ३७², अर्थात ५२९१ चा वर्ग. पाच मूळ संख्यांपैकी दोन एका हातात घेतल्या, तीन दुसऱ्या हातात दिल्या. विद्यार्थ्याला गुणाकाराची मेहनत करायला लावायची आणि शेवटी त्याच्या पाटीवर हार उमटवायचा, ही शिक्षकाची युक्ती आहे. मला त्या ओळीतून साडेअकराशे वर्षांपूर्वीचा वर्ग दिसतो. सहलीला मुलांना बेळगावच्या किल्ल्यात नेलं की कमल बसदी या जैन मंदिराच्या छतावरचं कोरीव कमळ दाखवायचो आणि तिथेच बसून ही संख्या सांगायचो. ती बसदी १२०४ सालची, महावीराचार्यांनंतर साडेतीनशे वर्षांची. तरी मधोमध उभं राहून वर बघितलं की कुठल्याही बाजूने सारखंच दिसणं म्हणजे काय, ते न बोलता कळतं.

आणि दुसरं टोक महाराष्ट्रात आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा डहाणूचा, आयुष्यभर देवळालीत शाळामास्तर. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे त्यांचं नाव जगभर गेलं. पण १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा, नुसत्या एकांच्या वर्गांनाही त्यांनी नाव दिलं: डेम्लो संख्या. मुंबईजवळ जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या डेम्लो स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून ते नाव. तुमच्या मुलाची संख्या ही या माळेतली सहावी. एकच संख्या, एक माणूस मळखेडच्या बाजूचा, दुसरा देवळालीचा, मध्ये अकरा शतकं. आपण सीमाभागातल्या शिक्षकांनी ही दोन्ही नावं एका तासाला फळ्यावर लिहावीत असं मला फार मनापासून वाटतं.

विभाजकांकडे येऊ. प्रत्येक विभाजक बनवताना ३ हा अवयव शून्य वेळा, एकदा किंवा दोनदा घेता येतो. म्हणजे तीन पर्याय. पाचही मूळ संख्यांचं तसंच. म्हणून विभाजक ३ × ३ × ३ × ३ × ३ = २४३. हा आकडा विषम आहे आणि तो विषमच असणार. विभाजक जोडीने येतात, पण वर्गात ११११११ ची जोडी त्याच्या स्वतःशीच होते. तो एकटा उरतो. दोन संख्यांचा गुणाकार म्हणून ही संख्या १२२ प्रकारे लिहिता येते, आणि महावीराचार्यांनी त्यातला एक निवडला. बाकीचे प्रकार वर्गाला वाटून द्या, आठवडाभराचा गृहपाठ होतो.

विभाजकांची बेरीज ही मात्र जरा मोठ्या मुलांची गोष्ट आहे, आठवी-नववीच्या. तरी इथे सांगतो, कारण मला स्वतःला या संख्येतलं सगळ्यात जास्त तेच आवडतं. ३ साठी १ + ३ + ९ = १३. ७ साठी १ + ७ + ४९ = ५७. ११ साठी १३३, १३ साठी १८३, ३७ साठी १४०७. या पाचांचा गुणाकार म्हणजे सगळ्या २४३ विभाजकांची बेरीज: २५,३७,५५,२४,९९३. संख्येची दुप्पट आहे २४,६९,१३,०८,६४२. बेरीज दुपटीपेक्षा जास्त भरली. म्हणजे स्वतः संख्या सोडून बाकीचे विभाजक मिळवले तरी ते संख्येहून मोठे होतात. सम संख्यांत हे पदोपदी दिसतं; १२ घ्या, १ + २ + ३ + ४ + ६ = १६. विषम संख्यांत मात्र हे दुर्मीळ. अशी सर्वांत लहान विषम संख्या ९४५.

आता ३७ बाजूला ठेवा. उरलं ३² × ७² × ११² × १३² = ९०,१८,००९. तिच्या विभाजकांची बेरीज १,८०,३५,१९९ आणि दुप्पट १,८०,३६,०१८. फरक फक्त ८१९ चा! दीड कोटीच्या वर जाणाऱ्या बेरजेत एवढी थोडी उणीव. बेरीज नेमकी दुप्पट भरली असती तर ती परिपूर्ण संख्या ठरली असती, ६ आणि २८ सारखी. विषम परिपूर्ण संख्या आजवर कुणालाही सापडलेली नाही. असलीच तर ती १५०० हून अधिक अंकांची असणार, एवढं २०१२ साली सिद्ध झालं आहे.

फ्रेंच गणिती देकार्त याला हीच ९०१८००९ दिसली होती. १६३८ साली त्याने तिला २२०२१ ने गुणून १,९८,५८,५५,७६,१८९ ही संख्या पुढे केली. २२०२१ ही मूळ संख्या आहे असं धरलं तर विभाजकांची बेरीज तंतोतंत दुप्पट येते. वर्गात करून बघा: १,८०,३५,१९९ × २२०२२ एकीकडे आणि १,९८,५८,५५,७६,१८९ ची दुप्पट दुसरीकडे, शेवटच्या अंकापर्यंत जुळतं. पण २२०२१ मूळ नाही. १९² × ६१ आहे. एका अवयवाने घात केला. महावीराचार्यांच्या हारातले पाचांपैकी चार मणी देकार्तच्या संख्येत जसेच्या तसे, वर्गासकट आहेत. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ७, ११, १३ यांचा १००१ हा गुणाकार दहाच्या गणनेत इतका सोयीचा आहे म्हणून महावीराचार्य तिथे पोचले. देकार्त विभाजकांच्या बेरजेतून पोचला. वाटा निराळ्या, चार मूळ संख्या त्याच.

एक सावधगिरी. पुष्कळ वर्षांपूर्वी मी वर्गात घाईने सांगून गेलो की उलटसुलट सारखी दिसणारी संख्या ११ ने भागली जाते. मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला: ‘सर, १२१ जाते, पण १३१ जात नाही.’ ती बरोबर होती. अंकांची संख्या सम असेल तरच ते हमखास खरं, जसं १२२१. आपली संख्या अकरा अंकी आहे, त्यामुळे तिचं ११ ने भागलं जाणं तिच्या उलटसुलट सारखेपणातून येत नाही. ते येतं वर्गमुळात एक सहा वेळा, म्हणजे सम वेळा, आल्यामुळे. १२३२१ बघा, तसाच हार, पण एक तीनच वेळा, आणि ११ ने भाग जात नाही. दुसऱ्या दिवशी मी पूर्ण वर्गासमोर दुरुस्ती केली. कसोटी सांगताना ती कुठे लागू होत नाही हेही त्याच वेळी सांगा.

अवयव हेच पाच का, असं कुणी विचारलं तर अपूर्णांकांकडे न्या. १/३ = ०.३३३..., १/११ = ०.०९०९..., १/३७ = ०.०२७०२७..., १/७ = ०.१४२८५७..., १/१३ = ०.०७६९२३... आवर्तनाची लांबी १, २, ३, ६, ६. सगळे सहाचे विभाजक. सहा एकांना भागणाऱ्या मूळ संख्या याच, कारण सहा अंकांनंतर ज्यांचा दशांश पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो त्याच सहा नवांना, ९९९९९९ ला, भागतात.

हुशार मुलांसाठी आणखी एक. ११११११ = ११ × ९१ × १११ असंही मांडता येतं. दहाच्या जागी क्ष ठेवा: (क्ष + १)(क्ष² − क्ष + १)(क्ष² + क्ष + १). म्हणजे हा नुसता दहाचा खेळ नाही. आठच्या गणनेत, म्हणजे दहाऐवजी आठ हा पाया धरून, ११११११ लिहिलं तर त्याची किंमत ३७४४९, आणि तिचे तीन भाग ९ × ५७ × ७३. सातपासून वरच्या कुठल्याही पायात १२३४५६५४३२१ असं लिहिलेली संख्या पूर्ण वर्गच असते, कारण मधला ६ मावला की हातचा येत नाही. सातच्या आत ६ हा अंकच नसतो, तिथे प्रश्न संपतो.

आता त्या मुलासाठी पुढचं काम. त्याला सात एकांची संख्या द्या, ११११११ ला आणखी एक जोडून ११,११,१११. वर्ग १२३४५६७६५४३२१, दिसायला पहिल्यापेक्षाही डौलदार. गट पाडून मिळवणी-वजाबाकी केली तर १ उरेल, म्हणजे ७, ११, १३ तिघेही बाद. अंकांची बेरीज ४९, म्हणजे ३ ही बाद. त्याला २, ३, ५ पासून मूळ संख्यांनी ११,११,१११ ला भागत जाऊ दे. एक्कावन्न मूळ संख्या हात हलवत परत येतील आणि बावन्नावी, २३९, लागेल: २३९ × ४६४९. दोन्ही मूळ. म्हणून या मोठ्या, अधिक देखण्या हाराला विभाजक फक्त ९ आहेत. एकच एक वाढला आणि २४३ चे ९ झाले. असं का झालं ते त्याला सांगू नका. सहा आणि सात या दोन संख्यांकडे बघत बसू दे, आणि त्याने काय लिहून आणलं ते मला कळवा.